सोलापूरच्या नावाने फोडलेला नारळ

आमच्या गव्हाण गावातून बाहेरगावी जायचे म्हणजे आधी गावदेवीपुढे नारळ फुटायला हवा, आणि तो महादेवदादांच्या हातून फुटायला हवा. हे कुणी ठरवले नाही. खाडीची भरती कुणी ठरवते का? तसेच हे.

महादेवदादा तरणे होते, बापाच्या मिठागरात मीठ ओढत होते, तेव्हापासून गावाची यात्रा तेच काढत. एकवीरेला, जेजुरीला, कधी आणखी लांब. आधी ट्रकमधून, मग लाल गाडीने, मग भाड्याच्या बसने. वाहने बदलली, दादांची रीत बदलली नाही. निघायचे ठरले की देवीपुढे नारळ फोडायचा, खोबऱ्याचे तुकडे करायचे आणि देवळाच्या दारात उभे राहायचे. ज्याने तुकडा खाल्ला त्याची जागा धरली. एकदा खोबरे तोंडात गेले की खाणाऱ्याला मागे फिरता येत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. "फुटला नारल मागं फिरत नाय," दादा म्हणत, आणि त्यांचा एकही नारळ कधी मागे फिरला नव्हता.

पुढे मिठागरे गेली, शेते गेली, जिथे भात डोलत होता तिथे इमारती उभ्या राहिल्या. दादांच्या हाती उरले ते हे एक काम. आणि तेही सुटू लागले होते. पुतण्या धनेशने मोबाइलवर गावाचा ग्रुप केला. गेल्या चैत्रात एकवीरेची बस निघाली ती मागे झुकणाऱ्या खुर्च्यांची, आत निळे दिवे लावलेली, आणि दादांना ते कळले आदल्या दिवशी. ते गेले. शेवटच्या बाकावर बसले. नारळ धनेशने फोडला, तोही बसच्या चाकापुढे. हौसावहिनी सांगतात, परत आल्यावर बरेच दिवस दादा जेवताना ओल्या खोबऱ्याच्या चटणीकडे बघायचेसुद्धा नाहीत.

हौसावहिनी म्हणजे दादांची बायको. सुक्या मासळीची पाटी घेऊन त्या नवीन पनवेलच्या सेक्टरमध्ये दारोदार जातात. तिथल्या शशिकलाबाई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. बाई मूळच्या सोलापूरच्या, पण इकडे येऊन सुका बोंबील भाजायला अशा शिकल्या की आमच्या बायकांनी तोंडात बोट घालावे. त्यांचे यजमान प्रभाकरराव एका कचेरीतून निवृत्त झालेले. यंदा दसऱ्याला जोडून शनिवार-रविवार आले, तेव्हा बाई हौसावहिनींना म्हणाल्या, "तुमचे हे ट्रिपा काढतात ना? मग आमची एक काढून द्या. सोलापूरला. आम्ही दोघं आणि तुम्ही दोघं, एक गाडी करू. फक्त गर्दी नको हं."

दादांनी ते ऐकले आणि धुतलेला सदरा काढला. दोघे बाईंच्या घरी गेले.

प्रभाकररावांनी मोबाइल पुढे धरून वाचायला सुरुवात केली. भुईकोट किल्ला, तळ्यातले सिद्धेश्वराचे देऊळ, चादरीची दुकाने, शेंगाचटणी कुठली चांगली. दादा मान हलवत होते. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"आन् बाय, तुमाला काय बघायचाय?" दादांनी विचारले.

"गिरणी," बाई म्हणाल्या. "माझे वडील मागावर होते. आमची चाळ गिरणीच्या भिंतीला लागून. भोंगा झाला की आई चूल पेटवायची."

"मंग चांगला हाय. चालू हाय ना?"

"कधीच बंद झाली. आता पाडलीही म्हणतात. एखादी भिंत उरली असेल. नसेलही."

दादा गोंधळले. आयुष्यभर त्यांनी माणसे नेली ती जे आहे त्याच्याकडे. डोंगर असतो, पायऱ्या असतात, वर देवी असते. "मंग थितं जाऊन बघायचा काय?"

"ते मलाही माहीत नाही, दादा," बाई म्हणाल्या. "माहेरचं आता कुणी नाही तिथं. पण एकदा उभं राहून यायचंय."

प्रभाकरराव हसले. "मी तेच म्हणतोय केव्हापासून. रिकामी जागा बघायला इतक्या लांब कोण जातं? महादेवराव, तुम्ही तरी समजवा."

दादांनी समजावले नाही. ते इतकेच म्हणाले, "बाय, मी नेतो. तुमची गिरनी पयली, मंग बाकीचा." त्या चैत्रानंतर त्यांना 'आम्हाला न्या' असे म्हणणारे हे पहिले माणूस होते.

येथवर सगळे नीट होते. चूक झाली ती दुसऱ्या दिवशी, आणि ती चूक आमच्या गावचाच माणूस करू जाणे.

नारळाशिवाय निघणे दादांना ठाऊक नव्हते. चारच माणसे जाणार, म्हणून त्यांनी सकाळी गुपचूप देवीपुढे नारळ फोडला, चार तुकडे काढायचे आणि रुमालात बांधून घरी जायचे असे मनाशी धरले. पण नारळ फुटल्याचा आवाज गुपचूप होत नाही. देवळामागे काशिराम बीडी ओढत बसला होता. तो उठून आला आणि त्याने हात पसरला. देवीच्या दारात पसरलेल्या हाताला नाही कसे म्हणावे? दादांनी तुकडा दिला. मागून शकूवहिनी आली, तिच्या मागून तिची सून, मग पाण्याला चाललेल्या बायका, मग दुधाचा कॅन घेतलेला एक जण. पसरलेल्या प्रत्येक हातावर दादा तुकडा ठेवत गेले. हाताला वर्षानुवर्षांची सवय. शेवटी करवंटीत दोन-तीन तुकडे उरले तेव्हा काशिराम दाढेखाली खोबरे दाबत म्हणाला, "दादूस, किती दिसांनी! कुटं चाललो आपुन?"

दादांच्या तोंडून खरे निघून गेले. "सोलापूर."

दुपारपर्यंत आळीत एकच चर्चा. दादांनी नारळ फोडला. दादांची बस निघाली.

संध्याकाळी सगळे देवळाच्या पायऱ्यांवर जमले. मीही होतो. असा गोंधळ मी ग्रामसभेतही पाहिलेला नाही.

"सोलापूर म्हंजे तुलजापूर आलाच," शकूवहिनी म्हणाली. "आईची वटी भरल्याबिगर मी येनार नाय."

"अक्कलकोट पन," मागून कुणी बोलले.

"आन् चादरी?"

"अगो, तुजा घरवाला चादर तोंडावर घेऊन दिसभर झोपतो, आनिक कशाला पायजे?" काशिराम म्हणाला. बायका हसल्या.

हौसावहिनींकडून खरे काय ते ऐकलेला धनेश पायरीला टेकून उभा होता. "काका, तीन दिसांत एवढा व्हतो काय? मोबाइलवर टाकला असता तर पयलाच कलला असता. आन् त्या सेक्टरच्या बायला ठावं हाय का, तिच्या गाडीत पुरा गाव बसनार हाय?"

दादा पायरीवरची पाने गोळा करू लागले.

"पन थितं बघायचा काय, दादूस?" काशिरामने विचारले.

"गिरनी."

"कापडाची?"

"व्हय. बंद हाय. पाडली म्हनतात."

मग काशिराम हळूच म्हणाला, "म्हंजे जी नाय ती बघायला बस करून जायाचा?" आणि असा हशा उठला की देवीच्या झाडावरचे कावळे उडाले.

दादा उठले. घराकडे चालू लागले. नारळ मागे फिरवावा तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. बस घेऊन जावे तर बाईंना दिलेला शब्द मोडतो. बाईंनी एकच गोष्ट मागितली होती, गर्दी नको. ओटीवर बसून ते म्हणाले, "हौसा, मना कायच सुचत नाय. बाय तरी थितं काय बघनार? मोकली जागा?"

हौसावहिनी पाटीतले बोंबील निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पावना आला का तुमी त्याला कुटं नेता?"

"कुटं?"

"त्या मोठ्या रस्त्याच्या कडंला. थितं उभा करता आन् बोट दावता, ह्यो माजा बांध, ही माजी उघाडी, हितून भरतीचा पानी आत यायचा. हाय का थितं बांध? गाड्या भुंग करून जातात. तो पावना बिचारा मान हालवतो."

आपण असे करतो हे दादांना माहीत होते. पण आपण जे दाखवतो ते तिथे नाही, हे त्यांच्या ध्यानातच कधी आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी उरलेले तुकडे रुमालात बांधून दादा एकटेच नवीन पनवेलला गेले. दारात उभे राहूनच त्यांनी सगळे सांगून टाकले. नारळ कसा फुटला, हात कसे पसरले, आता गाव कसे निघाले आहे. "बाय, चूक माजी हाय. तुमी म्हनाल तर मी गावाला 'नाय' म्हनून सांगतो. आजवर सांगितला नाय कंदी, पन सांगतो."

"अहो, काय हे!" प्रभाकरराव आतून आले. "मी चार माणसांचं हॉटेल बघून ठेवलंय. आता काय पूर्ण गाव तिथं भांडी घेऊन उतरणार?"

"भांडी तर असतातच," दादा खाली बघत म्हणाले. "आचारी पन असतो."

शशिकलाबाईंची नजर रुमालावर होती. "त्यात काय आहे?"

"तुमच्या वाट्याचा."

बाईंनी गाठ सोडली. खोबरे थोडे सुकले होते, कडा पिवळी पडली होती. त्यांनी तुकडा नाकाशी नेला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"खंडेनवमीला गिरणीत मागांची पूजा व्हायची," त्या म्हणाल्या. "वडील येताना खोबरं आणायचे, असंच रुमालात. त्याला मशीनच्या तेलाचा वास यायचा. आम्ही तोंडं वाकडी करायचो. पण सगळी चाळ खायची. दारात हात पसरून पोरं उभी असायची आणि वडील कुणालाही नाही म्हणायचे नाहीत. आमच्या वाट्याला शेवटी करवंटी." त्या हसल्या, पण डोळे भरले होते. मग त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला.

"शशी, अगं गर्दी नको म्हणत होतीस ना तू?" प्रभाकरराव म्हणाले.

"म्हणत होते," बाई चावत चावत म्हणाल्या. "आता काय म्हणू ते कळत नाहीये. हे घ्या, तुम्ही पण खा."

प्रभाकररावांनी आधी मोबाइलकडे बघितले, मग बायकोकडे, आणि तुकडा घेतला.

दादा गावात आले ते सरळ देवळापाशी. तिथे तुळजापुरावरून अजून भांडण चालूच होते. "आईक रे," दादा म्हणाले, "नारल त्या बायच्या नावानं फुटलाय. बस पयली तिच्या गिरनीवर. मंग येळ राहिला तर आई तुलजापूरची. ज्याला नको त्यानं खोबरा परत द्यावा."

खाल्लेले खोबरे कोण परत देणार? शकूवहिनीने नाक मुरडले, आणि ओटीचा खण आणायला पनवेल बाजारात कधी जायचे ते सुनेला विचारू लागली. धनेश म्हणाला, "काका, बस मी बघतो. निळे दिवे नकोत ना?"

"असू दे," दादा म्हणाले. "बायला बरा वाटंल."

दसऱ्याच्या पहाटे बस गावच्या कमानीपाशी उभी राहिली. टपावर टोप, गॅसची शेगडी, तांदळाची गोण. प्रभाकरराव मोबाइल हातात धरून गोंधळल्यासारखे चाकाशी उभे होते, आणि शशिकलाबाईंना शकूवहिनी आपल्या शेजारी बसायला ओढत होती. तिकडे नेमके काय बघायचे आहे, हे बसमधल्या एकालाही ठाऊक नव्हते. दादांनाही नव्हते. ते सर्वांत शेवटी चढले आणि पुढच्या, ड्रायव्हरजवळच्या जागेवर बसले. ती जागा कुणी धरली नव्हती.

"दादूस," काशिराम मागून ओरडला, "ती गिरनी हाय का नाय, कायतरी समाजला का?"

"नाय समाजला."

"बरा," काशिराम म्हणाला. "मंग खिडकी मना द्या. नीट बघाया लागंल."