भामट्याचं माप

सोयरिकीची चौकशी करायला आलेल्या माणसाला मी सिनेमातला नट समजलो. मूर्खपणा एवढाच. पण हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही, बायकोजवळसुद्धा नाही. तुम्ही परके म्हणून सांगतोय — तुमचं कडा गावात कोणी पाहुणं नाही ना?

चौसाळ्यात हायवेला लागून माझं शिलाईचं दुकान आहे. गेल्या वर्षी गावात एका विनोदी सिनेमाचं शूटिंग होतं. गोष्ट एका भामट्याची — गाव त्याला मोठा साहेब समजतं आणि तो गावाला टोपी घालतो. त्या भामट्याचा सफारी शिवायचं काम मला मिळालं. त्यांचा मॅनेजर म्हणाला, "उद्या आमचा नट मापाला येईल. मिश्किल माणूस आहे, ओळख न देता बोलत बसेल. तुम्हीही रंगवा, जमलं तर एखादा सीन देऊ." तेवढ्यावर मी आरशासमोर भुवया उडवायला लागलो.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आला. पिशवीतून उसवलेली पँट काढली. मी शिवण घालतोय तोवर इकडचं तिकडचं बोलला, मग हळूच म्हणतो, "ते भानुदासराव माणसं कशी हायत हो? पोरगी लग्नाची हाय म्हणं."

आमच्याकडं सोयरीक ठरायच्या आधी मुलाकडचं माणूस असंच येतं. शिंप्याकडं, न्हाव्याकडं, चहाच्या टपरीवर — नाव न सांगता विचारून जातं. मला ठाऊक नव्हतं? वीस वर्षं मीच अशी उत्तरं देत आलोय. पण त्या दिवशी वाटलं — वा, काय बेमालूम करतोय! कॅमेरा लपवलाय का म्हणून मी पंख्याकडंही बघून घेतलं.

आणि रंगवलं. भानुदासतात्या माझा शेजारी, सरळ माणूस. त्याला मी तीन गावांत तीन नावांनी फिरणारा भामटा केला. तिथं थांबलो असतो तर... पण समोरच्याचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं सीन चढतोय. आवाज खाली आणून म्हणालो, "पोरीचं एक लग्न मोडलंय. दडवलंय त्यांनी."

तात्याच्या वैशालीबद्दल बोललो हे. तिचा शाळेचा पहिला फ्रॉक मी शिवलेला.

तो गेला. दहा मिनिटांनी मॅनेजर आला — खऱ्या नटाला घेऊन. समोर थांब्यावर तो गृहस्थ अजून बीडच्या गाडीची वाट बघत उभा होता. वीस पावलं असतील. एक हाक पुरली असती. मी काय केलं? नटाच्या छातीचं माप घेतलं. अडतीस. गाडी आली, गेली.

चार दिवसांनी कड्याहून, मुलाकडून निरोप आला — जमत नाही. गावातूनच कोणीतरी पहिल्या लग्नाचं सांगितलं म्हणे. कोणी? तात्यानं बोट ठेवलं सख्ख्या भावावर, किसनआबावर. बांधावरून त्यांचं वाजलेलंच होतं. आबानं वैशालीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तात्यानं तो हात झटकला. आणि चार माणसांत "आबा असं करील वाटलं न्हवतं" असं कोण म्हणालं? — मीच.

तेव्हापासून कोणी दुकानापुढं थांबून फोनवर हळू बोललं, की सुई माझ्या बोटात. बायकोनं "गप गप कावून?" विचारलं, की वाटतं — हिला कळलं की काय?

सिनेमा मी मोबाइलवर बघितला. शेवटी सगळे गैरसमज मिटतात, सगळे एका पंगतीत जेवतात. मी हसलोही.

यंदा वैशालीचं दुसरीकडं जमलं. तात्या आहेराच्या कपड्यांची यादी घेऊन दुकानात आला. यादीत आबा नव्हता.

"आबाचं माप हाय माझ्याकडं. सदरा शिवू का?"

"त्याचं नाव काढू नगंस."

मग — कुठून जीव आला कोण जाणे — मी म्हणालो, "पण तात्या, आबानं केलंच नसंल तर? समजा... मीच बोललो असंन तर?"

तात्यानं यादी खाली ठेवली. मग पोट धरून हसला.

"तू? गप बे! सोयरीक मोडायला डोकं लागतं. तुला सदऱ्याच्या दोन बाह्या सारख्या लावता येईनात!"