रंग मोठा की सिक्वेन्स

पुण्याहून सुट्टीला आलेल्या दिरानं आम्हाला पोकर शिकवला, म्हणजे मोबाइलवर स्वतः अर्धामुर्धा शिकलेला आमच्या गळ्यात मारला. पडेगावच्या आमच्या घरात तोवर तीनपत्ती हाच एकमेव धर्म होता आणि सासूबाई त्याच्या पीठाधीश.

"प्रत्येकाला दोन पत्ते, मग मध्ये तीन उघडे. तो फ्लॉप," दीर म्हणाला. "खरी अक्कल त्यानंतर. हात जमला असेल तर वाढवा, जमेलसं वाटत असेल तर बेतानं, नाहीतर पत्ते टाका."

एवढं ज्ञान देऊन, पैशांऐवजी लावलेले त्याचेच चिंचोके सगळ्यांत आधी संपले. पाठोपाठ नवराही बाद झाला. उरलो सासू-सून.

पैज अशी होती की जिंकेल त्यानं दिवाळी कुठं करायची ते ठरवायचं. लग्न झाल्यापासून एकही दिवाळी मला वैजापूरला, माहेरी, मिळाली नव्हती. बाकीच्यांचा खेळ चालला होता, मी दिवाळीसाठी लढत होते.

शेवटच्या डावात फ्लॉपला बदामची छक्की, सत्ती, अठ्ठी पडली. माझ्या हातात बदामचाच राजा आणि दुरी. पाचही बदाम, म्हणजे रंग! भाजीवाल्याशी घासाघीस करताना ठेवते तसा चेहरा ठेवून मी मूठभर चिंचोके सरकवले. आईंनी दुप्पट सरकवले. मी होते नव्हते ते लोटले. त्यांनी पदर खोचला आणि आपलेही सगळे लोटले. मग मध्ये आणखी दोन पत्ते उघडले, ते काळे निघाले, कुणाच्याच कामाचे नाहीत.

आईंनी किलवरची नव्वी-दश्शी आपटली. "सिक्वेन्स! उचला आता पसारा."

गोची अशी, की तीनपत्तीत सिक्वेन्स रंगाला खाते आणि पोकरमध्ये रंग सिक्वेन्सला. आई सोडून सगळ्यांना हे माहीत होतं. दिराला एकाएकी मोबाइलवर महत्त्वाचं काम निघालं. नवरा पंखा न्याहाळू लागला. शेवटी मीच माझे पत्ते उलटले.

"आई, यात रंग मोठा असतो."

त्यांनी दिराकडं पाहिलं. त्यानं घाबरत मान हलवली.

"लई येडा खेळ हाय," म्हणत त्यांनी ढीग माझ्याकडं सारला. "जा मंग वैजापूरला. पण मनात व्हतं तर बोलायचं की! पत्ते कशाला कुटायचे?"

"दरवर्षी विचारते मी."

"कुणाला?"

मी नवऱ्याकडं बघितलं. दरवर्षी हाच आतल्या खोलीत जाऊन यायचा आणि पडलेल्या चेहऱ्यानं सांगायचा, आई नको म्हणते.

"माझ्यापत्तोर कायबी आलं नाय," आई म्हणाल्या.

संतापानं माझे कान तापले. इतकी वर्षं हा माणूस हातात काही नसताना वाढवत होता आणि मी मुकाट पत्ते टाकत होते.

नवरा चहा टाकायला उठला.

"खाली बस," आई म्हणाल्या. "आता फराळ कोन करनार, त्याचा डाव. वाट पत्ते."