नको म्हणणारे पाहुणे
शेजारच्या फ्लॅटच्या दारातून गवती चहाचा वास आला आणि मला डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतली एक दुपार आठवली. गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींमधून पिवळं ऊन हलत होतं, कबुतरं घुमत होती, आणि मी लॅपटॉपपुढे रडकुंडीला आले होते. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरी सिस्टीम पाहुणी म्हणून चालवायची होती. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर काम माझ्या हातून जाणार होतं. सुरू होताना ही पाहुणी सांगायची, कॅश बंद करा, म्हणजे प्रोसेसरने हाताशी ठेवलेलं काही वापरू नका. यजमानाच्या जागी असलेला माझा कोड ते इमानेइतबारे ऐकायचा, मग बारीकसारीक गोष्टही लांबच्या मेमरीतून आणावी लागे आणि सगळं गोगलगायीसारखं चाले. तेवढ्यात मिलमधून रिटायर झालेले शेजारचे काका आले. "चहा घेणार?" मी मान न वळवताच विचारलं. "नको गो." "बरं," मी म्हटलं. ते जरा वेळ बसले आणि गेले. आई स्वयंपाकघरातून तणतणत आली. "पाहुणा नको म्हणाला म्हणून खरंच द्यायचा नाही? तोंडाने बरं म्हणायचं आणि आधण ठेवायचं!" गवती चहा उकळला, कप घेऊन ती काकांकडे गेली, आणि त्या वासात मी कोड बदलला: पाहुणीला बरं म्हणायचं, कॅश चालूच ठेवायची. सिस्टीम झटक्यात उठली. आज या टॉवरमध्ये शेजारणीने दारातूनच विचारलं, "चहा घेणार?" मी म्हटलं, "नको." "ओके," ती हसली आणि तिने दार लावून घेतलं. वास मात्र दाराखालून येतच राहिला.