डोळ्याजवळची माशी

यंत्राच्या तेलाचा वास आला की मला नॉटिंगहॅममधली ती शनिवारची सकाळ आठवते. किचन टेबलावर माझी एअरसॉफ्टची, प्लास्टिकचे छर्रे उडवणारी रायफल आडवी पडली होती. तिच्या वरच्या खाचांच्या पट्टीवर नेम धरायच्या दोन साइट्स बसवताना मी पुरता गोंधळलो होतो. एकीला भोक, दुसरीला बारीक काडी, आणि माहितीपत्रक भलत्याच भाषेत. पुण्याहून आलेले सासरे, सैन्यातून निवृत्त, चहा घेत बघत होते. "जावईबापू, माशी डोळ्याजवळ आलीय," ते म्हणाले. मी हात झटकला. एवढ्या थंडीत कसली माशी? "अहो, अजून तिथेच आहे." मी खिडकी उघडली. तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर मात्र मला वेगळीच शंका आली. डोळ्यांपुढे माश्या दिसणं चांगलं नव्हे, असं कुठेतरी वाचलं होतं. रायफल तशीच टाकून मी त्यांना हाय स्ट्रीटवरच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला नेलं. तेही मुकाट आले. शेवटच्या ओळीपर्यंतची अक्षरं त्यांनी धडाधड वाचली. "काळ्या माश्या दिसतात का, असं डॉक्टर विचारतायत," मी म्हणालो. ते खुर्चीतून माझ्याकडे वळले. "माझ्या डोळ्यात कुठली? बंदुकीची माशी म्हणतोय मी, ती नेमाची काडी! ती नळीच्या टोकाकडे असते, तुम्ही मागे लावलीत." "मग बाबा, इथवर गुपचूप आलात कशाला?" "मला वाटलं, या देशात बंदुकीला हात लावण्याआधी डोळे तपासतात." माशी मी पुढे नेलीय. मागच्या भोकाला काय म्हणतात, हे मात्र त्यांना विचारायचं धाडस अजून होत नाही.