उलटा हात

गजाला कुठल्याही लोखंडी वस्तूला पहिल्यांदा उलटा हात लावते. फ्रिज असो, कपाट असो, कूलर असो, अगदी आमच्या फाटकाची कडीसुद्धा. बोटांची मागची बाजू क्षणभर टेकवायची, थांबायचं आणि मग सरळ हातानं धरायचं. लग्न होऊन ती अकोल्यात आमच्या शेजारी आली, तेव्हा गल्लीतल्या बायांना वाटलं की पोरगी नखरेल आहे, हात मळू देत नाही. समोरच्या बेबीताईंनी तर तोंडावर विचारलं, "काहून वो, आमच्या फाटकाले शेण लागलं हाये का?" ती नुसती हसली आणि मागच्याच बोटांनी कडी चाचपून आत आली.

कारण मला कळलं ते दुसऱ्या उन्हाळ्यात. तिची मोठी बहीण फलक मूर्तिजापूरला कूलरमध्ये पाणी भरताना करंट लागून गेली होती. एका हातात बादली, दुसऱ्या हातानं कूलरचा पत्रा धरलेला. करंट लागला की मूठ आवळते आणि मग सुटत नाही. उलटा हात असेल तर झटक्यानं मागे फेकला जातो. हे एका म्हाताऱ्या वायरमननं घरच्यांना सांगितलं, पण मय्यतीच्या दिवशी. "एक दिवस आधी सांगतलं असतं त बरं झालं असतं," एवढंच गजाला म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. फलक गेली तेव्हा गजाला बारावीला होती.

अशा मुलीच्या वाट्याला काम आलं तेही विजेचंच. नवरा शफीक लग्नांची शूटिंग करतो आणि घरी कॉम्प्युटरवर मिक्सिंग करते गजाला. तुकडे कापायचे, जोडायचे, मागे गाणं टाकायचं, नवरा-नवरीच्या नावांवर गुलाबाच्या पाकळ्या पाडायच्या. कुणी शिकवलं नाही. बिघडवत बिघडवत स्वतःच शिकली. काम करायला बसण्याआधी कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला उलटा हात लावायची, हे मी कितीदा पाहिलंय.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. दोन वर्षं सोयाबीन-कपाशीनं दगा दिला होता. वाजतगाजत लग्न करायची हिंमत कोणात उरली नव्हती, म्हणून गावोगाव सामूहिक विवाह लागत होते. शफीकभाईंना मोझरीकडच्या एका गावातलं काम मिळालं, एका मांडवात सत्तावीस जोडपी. प्रत्येक जोडप्याला आपली वेगळी सीडी हवी, दुसऱ्याची नवरी त्यात नको, आणि सगळं महिन्याभरात. त्या वर्षी त्यांच्याकडे दुसरं मोठं काम नव्हतं.

नेमकं तेव्हाच कॉम्प्युटरमधलं जुनं ग्राफिक्स कार्ड बसलं. पडद्यावर चित्र उमटवण्याचं, पाकळ्या-बिकळ्यांचं जड काम तेच करतं. ते नसलं तर एक सीडी बनायला दिवस जातो.

"नवं कार्ड घ्या लागते, अम्मी," शफीकभाई आईला म्हणाले.

खुर्शीदबींना एका कानानं कमी ऐकू येतं. त्या म्हणाल्या, "घे ना. त्या जुन्यावर साखर बी भेटत नाई."

"अम्मी, रेशनचं नाई! कॉम्प्युटरचं!"

"मंग त्याच्यावर काय भेटते?"

दुकानात जाताना गजालानं मला सोबत घेतलं. "साधनावयनी, खोक्यावरचं इंग्रजी तुमी वाचा. हे अन् दुकानदार मिळून मले गुंडाळतीन."

दुकानदार देवानंदनं दोन कार्डं टेबलावर ठेवली. एक छोटं, नवंकोरं. दुसरं विटेएवढं, दोन पंख्यांचं, वापरलेलं. किंमत दोन्हींची जवळजवळ सारखीच. मोठं नवं असतं तर दुप्पट पडलं असतं.

"भाभीजी, हा जुना आहे, पण पैलवान आहे," देवानंद म्हणाला. "जे काम छोटं तीन तासांत करणार, ते हा एका तासात करतो."

गजालानं कार्डाला हात लावला नाही. "खाते किती?"

मी वाचलं. छोटं पंच्याहत्तर वॉट. मोठं अडीचशे.

"म्हणजे पैलवान जेवते बी तसाच. अन् एवढं खाल्लेलं जाते कुठं?"

"गरमीत," देवानंद म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नाही. "तेवढी गरमी बाहेर फेकतो. हवा खेळती पाहिजे."

"मे महिन्यात? अकोल्यात? खेळती हवा?" गजालानं माझ्याकडे पाहिलं. "वयनी, आमच्या त्या खोलीत माणूस खेळत नाई, हवा कुठून खेळन?"

शफीकभाई बोटांवर दिवस मोजत होते. सत्तावीस जोडपी, प्रत्येकाच्या कापाजोडीलाच अर्धा दिवस, वर छोट्या कार्डावर तीन-तीन तास, त्यात दुपारची वीज जाणार. "नाई पुरत, गजाला. निरा नाई पुरत."

"मले भेव वाटते."

"भेव कशाचं? कार्ड चावते का?"

देवानंद हसला. मीही हसले, याचं मला आजही वाईट वाटतं. पैलवान घरी आला.

पहिले आठ दिवस शफीकभाईंचं म्हणणं खरं ठरलं. कापाजोडी झाली की तासाभरात एक जोडपं निघत होतं. मग पारा चढला. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस. गजालाच्या पडद्यावर कोपऱ्यात एक छोटा आकडा दिसायचा, कार्ड किती तापलंय त्याचा. ती नवरीकडे बघायची नाही, त्या आकड्याकडे बघायची. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. एक्याण्णव झाला की पडदा काळा, आणि अर्धी झालेली सीडी गेली. डब्याच्या मागून येणारी हवा हाताला भाजायची. प्लगचा वास यायचा, गरम प्लॅस्टिकचा. मी गेले की ती मला विचारायची, "वयनी, वास येऊन राह्यला का? का मलेच येते?" मी खरं सांगायचे, की येतो. मग ती उठून प्लगजवळ उलटा हात नेऊन बघायची, न टेकवता.

तिचं जेवण कमी झालं. रोटी पुढ्यात आणि नजर खोलीकडे. म्हणाली, "आकडा दिसला नाई त जास्त भेव वाटते. दिसला त बी वाटते."

शेवटी शफीकभाईंनी आपल्याकडे कोणीही केला असता तोच उपाय केला. कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं आणि कूलर ओढून त्याच्यासमोर लावला. आपल्याकडे माणूस तापला की कूलर, पाहुणा आला की कूलर, मग कार्डानं काय पाप केलं? खोलीत दुसरा प्लग नव्हता, म्हणून कूलरही त्याच बोर्डावर.

आकडा एक्याण्णववरून सत्तरवर आला. शफीकभाई ओरडले, "पाह्य! पैलवानाले हवाच पायजे होती!"

गजाला भिंतीला पाठ लावून उभी होती. कूलर आणि कॉम्प्युटर एका खोलीत, समोरासमोर, एका बोर्डावर. "हे नको," ती म्हणाली. "दुसरं कायबी करा."

"अकरा जोडपी राह्यली, गजाला. अकराच."

तेव्हा आमच्याकडे नळ अकराव्या-बाराव्या दिवशी यायचे. नळाचं पाणी पिण्यापुरतं, बाकी सगळं बोअरचं. आणि आमचा हा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. बादलीला, तोटीला पांढरा थर चढतो. दर आठवड्याला आम्ही तो खरडतो, त्यात कुणाला नवल वाटत नाही. कूलरमध्ये हेच पाणी.

चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांची वाटी परत द्यायला गेले. शफीकभाई बाहेर गेले होते. गजाला स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी खोलीत डोकावले. उघड्या डब्यात, कार्डाच्या पंख्यांवर, तारांवर पिठासारखं काहीतरी पांढरं बसलं होतं. डब्याशेजारी टेबलावर पडलेलं थोडं बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं. मीठ.

"गजाला," मी हाक मारली, "इकडे ये. हे बघ काय आहे. कूलर मीठ उडवतोय यात."

ती पीठ झटकत आली. "ओलं मीठ," ती हळूच म्हणाली. "बंद करते, वयनी. आत्ता बंद करते."

नेमक्या त्याच वेळी खुर्शीदबी नमाजासाठी हातपाय धुऊन, वजू करून आल्या. दुपारच्या जोहरची अजान होऊन गेली होती. पाय ओले, हात कोपरापर्यंत ओले, अनवाणी. गेले चार दिवस त्या आपली तसबी, जपाची माळ, त्या डब्यावरच ठेवत होत्या. तिथे गार हवा लागते ना. तसबी घ्यायला त्या डब्याकडे निघाल्या.

गजालानं सवयीनं डब्याला उलटा हात लावला.

आवाज झाला नाही. फक्त तिचा हात मागे फेकला गेला, कुणी फटकारावा तसा, आणि कपाटावर आदळला. तिचं तोंड उघडलं, पण त्यातून शब्द आला नाही. मी पाहत होते आणि मला काही कळत नव्हतं. खुर्शीदबींचा ओला हात तसबीकडे चालला होता. एक वीत. त्याहून कमी. त्यांचा बरा कान दुसरीकडे होता.

"खुर्शीदखाला!" मी ओरडले असेन. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

गजालानं सासूची ओढणी धरली आणि सगळ्या अंगाचा भार टाकून मागे ओढली. म्हातारी पलंगावर उताणी पडली.

"हाय अल्ला! सासूले पाडतं का वो! बह्याड झाली का तू?"

"मेन," गजालाला आवाज फुटला. "वयनी, मेन पाडा, मेन!"

मेन स्विच दाराशीच होता. मी धावले. खटका खाली ओढला, आणि तो ओढून झाल्यावर लक्षात आलं की मी त्याला आधी उलटा हात लावला होता. पंखे थांबले. कूलरमधलं पाणी थोडा वेळ टपटपत राहिलं.

खुर्शीदबी अजून बोलतच होत्या. कंबर मोडली म्हणाल्या, येऊ दे शफीकले म्हणाल्या. गजाला जमिनीवर बसली आणि त्यांच्या ओल्या पायांना दोन्ही हातांनी धरून राहिली. तिचे दात वाजत होते. सेहेचाळीस डिग्रीत. मग सुनेच्या उजव्या हाताकडे म्हातारीचं लक्ष गेलं, बोटांची मागची बाजू लाल झाली होती. तिनं तो हात उचलून आपल्या गालाला लावला. फलकचं नाव त्या घरात कुणी घेतलं नाही.

संध्याकाळी पुंजाराम आले, वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. टेस्टर घेऊन सगळं तपासलं. गजाला दारात उभी राहून एक-एक विचारत होती.

"कार्डात करंट होता का, काका?"

"कार्डात नाई, बाई. कूलरच्या पंपात. त्याचा करंट बोर्डाच्या तिसऱ्या भोकातून तुमच्या कॉम्प्युटरात आला. ते तिसरं भोक अर्थिंगचं. करंट तिथून जमिनीत गेला पायजे. तुमची अर्थिंगची तार मांगं कुजून तुटली. मंग जाईन कुठं तो?"

शफीकभाई खाली मान घालून उभे होते. पुंजाराम त्यांच्याकडे वळले. "अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोयसा टाकून पाणी घालाचं असते, भाऊ. तुमी मीठ कार्डावर टाकून राह्यले."

दुसऱ्या दिवशी गजाला एकटी देवानंदच्या दुकानात गेली. त्यानं पैलवानाला उलटसुलट करून पाहिलं. खाली सगळं हिरवट-पांढरं. "भाभीजी, हा गेला."

"जाऊ द्या. तो छोटा द्या."

शफीकभाईंनी शूटिंगच्या दोन दिव्यांपैकी एक विकला. कॉम्प्युटरचं झाकण परत लागलं. कूलर दुसऱ्या खोलीत गेला, आपल्या स्वतंत्र प्लगवर. गजाला पहाटेच्या फजरनंतर कामाला बसायची, ऊन तापायच्या आत उठायची, मग उन्हं कलल्यावर असरनंतर पुन्हा. एका जोडप्याला तीन तास, कधी साडेतीन. कोपऱ्यातला आकडा साठ-बासष्टच्या वर गेला नाही, तरी ती त्याच्याकडे बघायचं सोडत नव्हती. शेवटच्या दोन सीड्यांना चार दिवस उशीर झाला. एका नवरीच्या मामानं फोनवर तोंडाला येईल ते सुनावलं. गजालानं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मामा, नवरी लय साजरी दिसते तुमची," आणि फोन ठेवला.

घरामागे पुंजारामांनी नवा खड्डा खणला. जाडं मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी. उन्हाळ्यात त्यात रोज पाणी घालायला सांगितलं. पाण्याची एवढी मारामार, म्हणून खुर्शीदबींनी वजूची जागाच बदलली. आता त्या त्या खड्ड्याशी पाट टाकून बसतात, हातपायांवरून निथळलेलं पाणी सरळ खाली जातं. जाणाऱ्या-येणाऱ्यानं विचारलं की सांगतात, "अर्थिंगले पाजून राह्यली." मग पाय पुसतात, चप्पल घालतात आणि सुनेनं डब्याला उलटा हात लावून हाक मारल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत.

हे सगळं झाल्यावर एकदा मी गजालाला म्हटलं, "आता तर तार नवी, खड्डा नवा. आता तरी सरळ हात लाव."

ती कॉम्प्युटरसमोर बसत होती. बोटांची मागची बाजू तिनं पत्र्याला टेकवली आणि थांबली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ थांबली.

"लावते ना, वयनी," ती म्हणाली. "हा उलटा लावून झाला की मंग."