मेश्राम मॅडम आणि मुशीची डोकी

मेश्राम मॅडम फळ्यावर मासा कधी काढत नसत. "चित्र काय पाह्यता, हात लावा," म्हणत आणि मुंबईहून पार्सलने आलेली मुशी टेबलावर आदळत. मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क. सत्तरीचं दशक संपत आलं होतं आणि वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात समुद्र कोणी पाहिलेला नव्हता, मॅडमनीही नाही. पण शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला की मुशीची कातडी रेजमालासारखी खरखरीत लागते आणि तिच्या अंगात हाड एकही नसतं, सगळी कूर्चा, हे आमच्या बोटांना ठाऊक होतं. "इच्या पोटात हवेची पिशवी नाई. पोहनं थांबलं का बुडाली," असं म्हणताना त्या आमच्याकडे रोखून पाहत.

बी.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेला मुशीच्या डोक्यातले मज्जातंतू अखंड मोकळे करून दाखवायचे होते. माझे दर वेळी तुटायचे. बाबांनी बजावलं होतं, नापास झालीस तर केळझरचं स्थळ पक्कं.

परीक्षेच्या आठवड्यात पार्सल आलं. मॅडमनी नव्या शिपायाला, गुलाबला, मासे साफ करून औषधात ठेवायला सांगितलं. त्याने घरी करतात तसे साफ केले. "मुंडके फेकले मॅडम, कोन खाते ते?"

प्राचार्य म्हणाले, आकृतीवर भागवू. मॅडम म्हणाल्या, भागणार नाही. पदर खोचून त्या कॉलेजमागच्या उकिरड्यावर उतरल्या, मागोमाग आम्ही. डोकी सापडत गेली, शेवटचं मात्र कुत्र्याच्या तोंडात होतं. मॅडमनी दगड घेऊन त्याला बोरगावच्या रस्त्यापर्यंत पिटाळलं आणि ते अर्धवट चावलेलं डोकं सरावासाठी माझ्या हातात दिलं. नाकाडावरची बारीक छिद्रं दाखवत म्हणाल्या, "वाळूत दडलेल्या माशाच्या अंगातली इतकुशी वीज इले यातून समजते. तुले तं समोर दिसून राह्यलं. चाल, कर." मी रडले, तरी अंधार पडेपर्यंत सोडलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

परीक्षेत तंतू अखंड निघाले. निकालानंतर मॅडम एसटीने समुद्रपूरला आमच्या घरी आल्या. बाबा म्हणाले, पास झाली, चांगलं झालं, पण केळझरवाले वाट पाहून राह्यले.

"पाहू द्या," मॅडम म्हणाल्या. "भाऊ, इच्यासाठी कुत्र्याच्या तोंडातून मुंडकं काढलं मी. एम.एस्सी. झाल्याबिगर इले सोडत नाई."

बाबांनी कातरलेली सुपारी मॅडमपुढे केली. मग त्यांनी केळझरला निरोप धाडला, पोरगी नागपूरले शिकाले चालली.