आईच्या जात्याची बोर्लीवारी

निघताना बायकोने एकच अट घातली, "हे परत दारात आणलंत, तर तुम्हीही बाहेर!" 'हे' म्हणजे माझ्या आईचं जातं. आई गेल्यापासून आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते डोक्यावर मनीप्लँटची कुंडी घेऊन बसलं होतं, आणि येता-जाता बायकोला त्याची ठेच लागत होती. बोर्ली पंचतनजवळच्या एका गावात शेतीच्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे असं कळलं आणि कुंडी गॅलरीत ठेवून मी दानशूराच्या थाटात गाडी काढली. पेपरात फोटो आलाच तर म्हणून नवा शर्टही घातला होता.

ताम्हिणीच्या वळणावळणाला डिकीत जातं गडगडत होतं. म्हसळ्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी इतकी हाणली, की नव्या शर्टाचं एक बटण तिथेच राहिलं.

संग्रहालय म्हणजे शाकारलेला जुना गोठा. भिंतीवर नांगर आणि इरली (लावणी करताना पाठीवर घ्यायची पानांची छपरं), कोपऱ्यात कणगी (भात साठवायची बांबूची मोठी टोपली). हे सगळं जमवणाऱ्या सुमनताई पूर्वी अंगणवाडी चालवायच्या. मी जातं आत आणलं. म्हणजे दोन खेपांत आणलं त्यांच्या सुनेने, मी "सांभाळून, सांभाळून" म्हणत होतो.

सुमनताईंनी मागचं दार उघडलं. पडवीत जात्यांची रांगच होती.

"शेरातून येतो तो जातंच आणतो. घरात अडचण झाली का आमची आठवण व्हते."

"पण हे माझ्या आईचं आहे."

"ही पन कुनाच्या तरी आयांचीच हायत. चालतंय का तुमचं?"

त्यांनी खुंटा ठोकला, भाजलेले कुळीथ आणले. मी ऐटीत फिरवायला बसलो. जात्यापेक्षा मीच जास्त फिरलो.

"एकट्याला जड जातं ते. आईसमोर कोन बसायचं?"

"शेजारच्या काकू. त्या मुलाकडे राहायला गेल्या, तेव्हापासून बंदच."

"व्हय, मंग बंदच पडनार," म्हणत त्या समोर बसल्या. दोन हात खुंट्यावर आले आणि जातं घरघरू लागलं. कडेने पीठ सांडलं, त्याच्या वासाबरोबर आई अशी समोर आली की डोळे भरले. पीठ नाकात गेलं, असं मी सांगितलं.

"ठेवून जावा. शेवटाला जागा हाय," त्या म्हणाल्या.

मी रांगेकडे पाहिलं. त्या रांगेत आईचं जातं सोडून जाणं मला जमेना. सुनेने पुन्हा दोन खेपा घातल्या. सुमनताईंनी वर पिठाची पुडी आणि उरलेले कुळीथ दिले.

बायकोने दार उघडलं. मी जात्यासकट बाहेरच उभा राहिलो आणि लाच म्हणून पुडी पुढे केली. तिने वास घेतला.

"यावर दळलंत? तुम्ही?"

"अर्धंच. दोन माणसं लागतात."

ती पदर खोचत म्हणाली,

"कुंडी राहू दे गॅलरीतच. आणा आत, बसा समोर."